भांडण पेटण्याआधी पोहोचणाऱ्या माणसांसाठी : खान्देशच्या प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, जळगाव, धुळे व नंदुरबार;
कुलगुरू, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव.

महोदय, महोदया,

मी साक्री तालुक्यातला निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा आमच्या ग्रामसभेने मला समितीचा अध्यक्ष केले आणि पुढे सहा वर्षे ते काम मी माझ्या कुवतीप्रमाणे केले. त्या सहा वर्षांत आणि त्यानंतरही जे पाहिले, त्यावरून एक गोष्ट आपल्यापुढे मांडायची आहे. हाणामारी होण्याआधी ती थांबवणे हे अंगभूत कौशल्याचे आणि शिकून पक्के करण्याचे काम आहे. ते करणारी माणसे खान्देशात गावोगाव आहेत. पण त्यांना ना कोणी शिकवत, ना पगार देत, ना त्यांची काळजी घेत. त्यांच्यासाठी रीतसर पदे, रीतसर प्रशिक्षण आणि रीतसर वेतन असावे, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र आहे.

राईनपाडा आमच्याच तालुक्यात आहे. 1 जुलै 2018 हा रविवार होता, बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडून पोटासाठी फिरत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारले, आणि तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत. त्याआधी कित्येक दिवस मुले चोरणाऱ्यांच्या चित्रफिती मोबाईलवर फिरत होत्या. आमच्या शाळेतल्या मुलांनीही मला त्या दाखवल्या होत्या. मी ‘असल्यावर विश्वास ठेवू नका’ म्हणालो आणि तास सुरू केला. त्या दिवसांत बाजारात, बसस्थानकावर, पाड्यांवर बसून ही अफवा खोडून काढणे हे आपले काम आहे असे समजणारा एकही माणूस संपूर्ण तालुक्यात नव्हता. तलाठी होता, ग्रामसेवक होता, पोलीस पाटील होता, आशाताई होत्या; पण हे काम कोणाच्याच कामांच्या यादीत नव्हते. घटनेनंतर तीनच आठवड्यांत, 20 जुलैला, व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन जाहीर केले. कंपनीने आपल्या यंत्रात बदल केला. आमच्या तालुक्यात मात्र ती रिकामी जागा आजही रिकामीच आहे.

तंटामुक्त मोहिमेबद्दल मला आदर आहे. गावचे भांडण गावात मिटावे, कोर्टाच्या खेपांत शेतकऱ्याचा पैसा आणि हंगाम वाया जाऊ नये, हा विचार खरा होता आणि बांध कोरल्याचे, सामायिक विहिरीच्या पाण्याच्या पाळीचे, वाटेवर काटे टाकल्याचे कितीतरी वाद आम्ही खरोखर मिटवले. परंतु गावाला मिळणारे बक्षीस मिटलेल्या तंट्यांच्या हिशेबावर होते आणि समितीतल्या आम्हां कोणालाच या कामाचे एका दिवसाचेही प्रशिक्षण नव्हते. त्याचा परिणाम काय झाला, हे माझ्याच एका चुकीवरून सांगतो. एक विवाहिता नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन समितीकडे आली. आम्ही दोघांना समोरासमोर बसवले, वडीलधाऱ्यांनी नवऱ्याला चार शब्द सुनावले, हमीपत्रावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि नोंदवहीत ‘तंटा मिटला’ असे मी माझ्या अक्षरात लिहिले. आठव्या दिवशी तिचा हात मोडलेला होता. चारचौघांत तक्रार केल्याचा राग तिच्यावर निघाला होता. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा, अंमल ऑक्टोबर 2006 पासूनचा. म्हणजे मी ती सही घेतली तेव्हा संरक्षण अधिकारी हे पद अस्तित्वात होते आणि मला ते ठाऊक नव्हते. मारणारा आणि मार खाणारी यांना एका खोलीत समोरासमोर बसवून बोलते करू नये, हा या कामातला अगदी पहिला धडा आहे. तो मला त्या माउलीच्या मोडलेल्या हातावरून शिकावा लागला. आमच्या नोंदवहीत तो तंटा आजही मिटलेलाच आहे.

म्हणून कौशल्य हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. ते कसे दिसते, हेही सांगितले पाहिजे.

आमच्या शेजारच्या गावात एक पिकअप चालवणारा तरुण आहे, वय तिशीच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दोन गल्ल्यांतल्या पोरांमध्ये मोबाईलवरच्या एका स्टेटसवरून ठिणगी पडली. स्टेटसमध्ये एकाच्या बहिणीचे नाव होते. सात-आठ पोरे स्टँडवर जमली, एकाने मोटारसायकलला लोखंडी पाइप अडकवून आणला होता. हा तिथे गेला तेव्हा मी समोरच्या दुकानात होतो आणि माझे पाय जागेवरच थिजले होते. त्याने पाइपकडे पाहिलेही नाही. सर्वांत जास्त तापलेल्या पोराशेजारी ओट्यावर जाऊन बसला आणि विचारले, “जेवना का भो?” पोरगा म्हणाला, “भाऊ, तुम्ही मजार (मध्ये) पडू नका.” हा म्हणाला, बरे, नाही पडत, पण कांद्याच्या गोण्या पिंपळनेरला टाकायच्या आहेत आणि हमाल आला नाही, तू चल. पोरगा दोन मिनिटे गप्प राहिला आणि मग उठून गाडीत बसला. जाण्याआधी याने दुसऱ्या गल्लीतल्या पोराच्या आतेभावाला फोन करून एवढेच सांगितले, की ते स्टेटस आत्ताच्या आत्ता काढायला लाव आणि त्याला आज घराबाहेर पडू देऊ नकोस. सरपंचांना त्याने फोन केला नाही, कारण सरपंच एका बाजूच्या भाऊबंदकीतले होते. रात्री दहाच्या सुमारास गाडी परत आली तेव्हा स्टँड रिकामा होता. दुसऱ्या दिवशी बैल सजवण्याच्या गडबडीत तो दोन्ही घरच्या आयांना भेटला आणि पुढचे पंधरा दिवस दोन्ही गल्ल्यांतून रोज एक फेरी मारत राहिला.

त्याने काय केले ते नीट पाहावे. त्याने हत्याराला हात घातला नाही, उपदेश केला नाही, कोण बरोबर कोण चूक हा निवाडा त्या क्षणी केला नाही. तापलेल्या माणसाला बघ्यांपासून दूर नेले, वेळ मिळवला, तोंड न लपवता मागे हटायला वाट करून दिली आणि दुसऱ्या बाजूला नेमक्या नात्यातल्या माणसाचा उपयोग केला. मग पाठपुरावा केला. जगभर हे काम करणाऱ्यांना जे पद्धतशीर शिकवले जाते, त्यातले बरेचसे त्याला उपजत येत होते.

पण सगळेच येत नव्हते. दोन दिवसांनी त्याने चांगल्याच हेतूने बीट हवालदाराला पाइपवाल्या पोराचे नाव सांगितले. पोराला ठाण्यात बोलावून प्रतिबंधक कारवाईचा कागद हातात दिला गेला. पूर्वीचे कलम 107, आता नव्या संहितेतले 126. त्यानंतर जवळजवळ सहा महिने गावातली पोरे या चालकाला पाहून विषय बदलत. कोणती गोष्ट स्वतःपाशी ठेवायची, कोणती पोलिसांना सांगणे बंधनकारकच आहे आणि ही सीमा दोन्ही पक्षांना आधीच कशी सांगून ठेवायची, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. तसेच त्या रात्री घरी गेल्यावर त्याला झोप लागली नाही, हात थरथरत होते, हे त्याने मला वर्षभराने सांगितले. त्याचे ऐकून घेणारा वरिष्ठ त्याला नव्हता, कारण तो कोणाचा कर्मचारीच नव्हता.

या विषयावर प्रशासनात बोलू लागलो की पोलीस पाटलाकडे बोट दाखवले जाते. पोलीस पाटलाचे पद 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमातले आहे आणि गावातली खबर ठाण्याला देणे हे त्याचे कर्तव्यच आहे. म्हणूनच जो पोरगा पाइप घेऊन उभा आहे तो पोलीस पाटलाशी मोकळेपणाने बोलणार नाही. ही दोन कामे एका माणसाकडे देता येत नाहीत. आणि आशाताईंवर आणखी एक ओझे टाकावे असे तर कोणी मनातही आणू नये.

मात्र आशांच्या उदाहरणातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. 2005 मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा गावातलीच बाई नवजात बाळाचे वजन-तापमान घेईल, धोक्याची लक्षणे ओळखेल, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जाऊन तपासेल, यावर डॉक्टर मंडळींचा सहज विश्वास बसत नव्हता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाने ते शक्य असल्याचे आधीच दाखवून दिले होते. गावातली माणसे निवडा, टप्प्याटप्प्याने शिकवा, हातात साधने द्या, वर देखरेख ठेवा, ही पद्धत आपल्याला परकी नाही. आशांच्या बाबतीत झालेली चूकही डोळ्यांपुढे ठेवावी: काम पूर्णवेळाचे आणि मोबदला कामागणिक, त्यामुळे त्यांना 2023 मध्ये राज्यभर संपावर जावे लागले. तीच चूक या नव्या कामात मुळापासून टाळावी.

पोलीस ठाण्यात प्रशिक्षित समाजकार्यकर्ता बसवणे हेही महाराष्ट्रानेच करून दाखवले आहे. 1984 मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे तो जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. तिथे बसणारी कार्यकर्ती पोलीस नसते, पण पोलीस ठाण्याच्या आत असते आणि बाईचे म्हणणे आधी ऐकून घेते. भिवंडीत 1988 पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. 1970 आणि 1984 च्या दंगलींत होरपळलेले ते शहर 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना शांत राहिले. 1970 च्या मे महिन्यात भिवंडीची आग आपल्या जळगावपर्यंत पोहोचली होती, आणि मादन आयोगाला भिवंडी व महाडबरोबर जळगावचीही चौकशी करावी लागली होती, हे जळगावच्या जुन्या माणसांना आठवत असेल. धुळ्याने 2008 आणि 2013 मध्ये काय पाहिले ते सांगायला नको. दर वेळी दंगलीनंतर शांतता समितीची बैठक होते, चहा होतो, फोटो निघतो. समितीत तीच तीच प्रतिष्ठित मंडळी असतात आणि ज्या पोरांच्या हातात दगड असतो त्यांच्यातला एकही तिथे नसतो.

परदेशातली उदाहरणे मी जपून देतो, कारण तिकडच्या बंदुका आणि टोळ्या इथे नाहीत. पण कामाची घडण समजून घेण्यासारखी आहे. क्षय आणि कॉलरा यांच्या साथींत आफ्रिकेत काम करून आलेले गॅरी स्लटकिन या डॉक्टरांनी शिकागोत 2000 साली या विचारावर काम सुरू केले, की हिंसा साथीसारखी एका माणसाकडून दुसऱ्याकडे पसरते, तेव्हा साथीत जसे वस्तीतलेच आरोग्यसेवक नेमतो तसे इथेही नेमावेत. ज्यांचे त्या गल्लीत वजन आहे अशा माणसांना, त्यांपैकी काही तर तुरुंगातून सुटून आलेले, पगारावर घेऊन शिकवले गेले. स्कॉटलंडमध्ये 2005 मध्ये ग्लासगोच्या पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि चाकूहल्ल्यांकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहायला सुरुवात केली. लॉस एंजेलिसमध्ये अशा कार्यकर्त्यांसाठी प्रशिक्षणाची अकादमी उभी राहिली. अमेरिकेतल्या या कार्यक्रमांचे परिणाम सर्वत्र सारखे आले नाहीत. काही वस्त्यांत गोळीबार घटले, काही ठिकाणी फरक दिसला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हे काम ज्याच्या हातून होते त्याची निवड, शिकवणी आणि त्याच्यावरची देखरेख यांवर सगळे अवलंबून असते. वरची योजना कितीही चांगली असो. आणखी एक धडा पैशाचा आहे. 2022 च्या कायद्याने तिथे या कामासाठी पाच वर्षांत 25 कोटी डॉलर ठेवले आणि एप्रिल 2025 मध्ये तिथल्याच केंद्र सरकारने अनेक संस्थांची अनुदाने मध्येच थांबवली. गल्लीतल्या पोरांचा विश्वास कमवायला वर्षे लागतात, आणि तो कमावलेला माणूस एका पत्राने घरी बसतो. आपल्याकडे हे पद वर्षभराच्या प्रकल्पावर टांगलेले नसावे, असा माझा आग्रह त्यातूनच आला आहे.

आता खान्देशात माणसे कशी निवडावीत. पदवी ही पहिली अट ठेवू नये. दहावी पुरे, आणि सातपुड्यातल्या पाड्यांवर तीही शिथिल करावी. पहिली अट बोलीची असावी. साक्री-धुळे-अमळनेरात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली आणि पावरी, नवापुरात मावची, धुळे-जळगाव-भुसावळच्या काही मोहल्ल्यांत उर्दू. तापलेला माणूस परक्या भाषेत शांत होत नाही. दुसरी अट, गावातल्या दोन्ही बाजूंना त्या व्यक्तीच्या घरी पाणी पिता येते का, ही असावी. हे मुलाखतीत कळत नाही, वस्तीत चार दिवस राहून विचारावे लागते. निम्म्या जागा बायकांना असाव्यात, पक्षाचा पदाधिकारी असू नये, आणि ज्याच्या नावावर तरुणपणी एखादी मारामारी आहे त्याला केवळ तेवढ्यावरून बाद करू नये. पाइपवाल्या पोराला समजवायला कधीकाळी पाइप धरलेलाच माणूस उपयोगी पडतो.

नंदुरबारबद्दल थोडे अधिक लिहितो. तिथे डाकीण ठरवून एखाद्या बाईला मारहाण करणे किंवा गावाबाहेर काढणे हे अजून थांबलेले नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि तो आवश्यकच होता. पण कायदा येतो तो घटना घडल्यावर. आरोपाची सुरुवात बहुतेक वेळा कोणाच्या तरी आजारपणातून होते. लेकरू तापाने फणफणलेले असते, भगताकडे नेले जाते, भगत दिशा दाखवतो, दिशेला एक घर असते आणि त्या घरात एक एकटी म्हातारी असते. ही साखळी तोडायची जागा पहिल्या कडीपाशी आहे. पाड्यावरचा माणूस आजारी लेकराच्या आईजवळ त्याच दिवशी जाऊन बसला, तिच्या बोलीत बोलला, लेकराला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेला आणि परत येताना बरोबरच आला, तर भगतापुढचा प्रश्नच उभा राहत नाही. पेसा कायद्याने 1996 पासून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला रूढ पद्धतीने तंटे सोडवण्याचा अधिकार दिला आहे. पंचांना डावलून हे काम होणार नाही. पंचांनाही त्यात बसवून शिकवले पाहिजे.

प्रशिक्षण सहा महिन्यांचे असावे आणि त्यातले तीन महिने अनुभवी माणसाबरोबर वस्तीत जावेत. विद्यापीठाने आपल्या समाजकार्य महाविद्यालयांमार्फत त्याचे प्रमाणपत्र द्यावे आणि शिकण्याच्या काळात विद्यावेतन द्यावे, नाही तर मजुरी बुडवून कोणी येणार नाही. ऐकणे, दोन्ही बाजूंना वेगवेगळे भेटणे, अफवेचा माग काढणे, आत्महत्येचे बोलणाऱ्याला ओळखणे हे तर शिकवावेच. पण सर्वांत जास्त वेळ कोठे हात घालू नये हे शिकवण्यावर द्यावा. लहान मुलांवरचे अत्याचार, बलात्कार, जातीय अत्याचाराचे गुन्हे, बाईला होणारी मारहाण, यांत तडजोड करायची नसते. तिथे 112 (आपत्कालीन), 181 (महिला), 1098 (बालक) हे मदत क्रमांक, संरक्षण अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे त्या व्यक्तीला हात धरून पोहोचवायचे असते. हे मला 2007 मध्ये कोणी सांगितले असते तर एक हात मोडला नसता.

नेमणूक झाल्यावर दहा जणांमागे एक पर्यवेक्षक असावा आणि त्याने आठवड्याला एकदा सर्वांना बसवून मागच्या आठवड्यातली प्रकरणे ऐकावीत. विमा, प्रवासभत्ता, ओळखपत्र आणि रजा हवी. पोलिसांशी काय बोलायचे आणि काय नाही याचा लेखी करार पोलीस अधीक्षकांच्या सहीने असावा, म्हणजे हवालदाराला मागता येणार नाही आणि कार्यकर्त्याला लपवावे लागणार नाही. कामाचे मोजमाप मिटलेल्या तंट्यांच्या आकड्यावर कधीही करू नये. ती चूक आपण एकदा केली आहे. ग्रामीण रुग्णालयात मारहाणीने जखमी होऊन येणारे किती, वैरापोटी रात्रीत कापलेल्या केळीच्या बागा किती, कार्यकर्त्याने भेटी किती घेतल्या आणि लोक आपणहून त्याच्याकडे किती वेळा आले, हे पाहावे.

खर्चाचा अंदाजही देतो. 1932 मध्ये विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे खान्देशात सर्वांना ठाऊक आहे. त्याच विनोबांनी 1957 मध्ये शांतिसेना उभी केली तेव्हा दर पाच हजार लोकसंख्येमागे एक शांतिसैनिक हवा असा त्यांचा हिशेब होता. 2011 च्या जनगणनेप्रमाणे जळगाव, धुळे आणि नंदुरबारची मिळून लोकसंख्या सुमारे 79 लाख 29 हजार आहे. म्हणजे त्या हिशेबाने जवळजवळ 1,600 माणसे लागतील. मी तेवढी मागत नाही. पहिल्या दोन वर्षांसाठी तिन्ही जिल्हे मिळून 150 माणसे नेमावीत. दरमहा 20 हजार वेतन धरले तर वर्षाला 3 कोटी 60 लाख होतात, 15 पर्यवेक्षकांना 35 हजार धरले तर आणखी 63 लाख. तीन जिल्ह्यांच्या वार्षिक योजना आणि आदिवासी उपयोजना मिळून ही रक्कम उचलणे अशक्य नाही. एका दंगलीनंतरच्या बंदोबस्ताला, बंद बाजारपेठेला आणि भरपाईला किती लागते, ते आपल्याच कार्यालयांतल्या कागदांवर पाहता येईल.

आपण सर्वांनी मिळून एक बैठक बोलवावी आणि तीत तंटामुक्त समित्यांत काम केलेली, मोहल्ल्यांत आणि पाड्यांवर अशी माणसे पाहिलेली मंडळी बोलवावीत, ही विनंती आहे. मी माझी जुनी नोंदवही घेऊन येईन, चुकलेल्या नोंदींसह.

तो पिकअपवाला आजही रात्री फोन आला की स्वतःच्या डिझेलने निघतो. गेल्या महिन्यात तो मला म्हणाला, “गुरुजी, कोठे शिकवत असतील तर सांगा, मी येतो, गाडी भाडेपट्ट्याने देऊन येतो.” त्याला काय सांगू, एवढे आपल्या उत्तरात कळवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
तालुका साक्री, जिल्हा धुळे